नोंदवही सर्वांच्या हाती, किल्ली कोणाच्या हाती?



गेल्या पौर्णिमेला मुकुटबनच्या विहारात वंदना आटोपली. सतरंज्या गुंडाळणे चालू होते. एवढ्यात एका माउलीने पिशवीतून पन्नीत गुंडाळलेले कागद काढून आमच्यापुढे ठेवले. मुलाचा जातीचा दाखला, नवऱ्याचा शाळा सोडल्याचा दाखला आणि सासऱ्यांच्या शाळेतील नोंदीचा उतारा. उताऱ्याच्या घड्या इतक्या झिजल्या होत्या की कागद उलगडायलाही भीती वाटावी. मुलगा यंदा बारावी विज्ञानाला आहे. माउली स्वतः कापूस वेचायला जाते, मालक सिमेंटच्या कारखान्यात ठेकेदाराकडे आहेत.

ती म्हणाली, "भाऊ, पोरगा म्हणते, गडचिरोलीकडे जातीचे दाखले कम्प्युटरच्या साखळीत टाकले म्हणते. तिथून ते कोणाले मिटवता येत नाही म्हणते. मंग आपल्याले हे कागद सांभाळाचं काम नाही काय? अन् चकरा बी वाचतीन काय?"

त्या वेळी आम्ही "सवडीने सांगतो" एवढेच म्हणालो. प्रश्न साधा असला तरी उत्तर एका वाक्याचे नव्हते. हाच प्रश्न आपल्या घराघरात आहे, म्हणून या वेळचे सदर त्यासाठीच.

मुलाने सांगितलेली गोष्ट खरी आहे. मार्च २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे प्रशासनाने ६५,००० जातीचे दाखले 'ब्लॉकचेन' नावाच्या पद्धतीला जोडण्याचे काम जाहीर केले. त्यासाठी 'पॉलिगॉन' नावाचे जाळे वापरण्यात आले. दाखल्यावर चौकटीचे चित्र, म्हणजे क्यूआर कोड छापायचा. मोबाईल त्याच्यासमोर धरला की दाखला खरा की खोटा ते कळावे, असा हेतू होता. एटापल्ली हा बहुसंख्य आदिवासी बांधवांचा, जंगलाने वेढलेला तालुका. मुंबई-पुण्याच्या आधी हे काम तिथे झाले, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

बचत गटाचे उदाहरण

हे जाळे म्हणजे काय ते समजून घेण्यासाठी संगणकाकडे जाण्याची गरज नाही. आपल्या महिला मंडळाच्या बचत गटाकडे पाहा.

समजा, गटाची एकच वही आहे आणि ती एका बाईच्या घरी पेटीत आहे. त्या वहीत कोणी आकडा बदलला, किंवा वही वाळवीने खाल्ली, तर गटाचा हिशेब संपला. आता दुसरी रीत. दर महिन्याच्या सभेत प्रत्येकीचा भरणा आणि कर्ज मोठ्याने वाचले जाते. दहाही जणी तेच आकडे आपापल्या वहीत उतरवून घेतात. आता एकीने रात्री आपल्या वहीत शंभराचे हजार केले तरी उपयोग नाही. उरलेल्या नऊ वह्या तिला खोटे पाडतील. एकीचे घर जळाले तरी हिशेब जळत नाही.

संगणकाच्या जगात या दुसऱ्या रीतीला 'पीअर-टू-पीअर' जाळे म्हणतात. पीअर म्हणजे बरोबरीचा. या जाळ्यात मधला मालक नसतो. प्रत्येक संगणक देतोही आणि घेतोही. १९९९ साली अमेरिकेत 'नॅपस्टर' निघाले. त्यावर लोक एकमेकांना आपापल्या संगणकातील गाणी थेट देत. मात्र कोणाकडे कोणते गाणे आहे याची यादी एकाच ठिकाणी होती. गाण्यांच्या कंपन्या न्यायालयात गेल्या, २००१ साली ते केंद्र बंद पडले आणि त्याबरोबर सारे जाळे बसले. पुढे २००९ साली 'बिटकॉइन' सुरू झाले. त्यात यादी आणि हिशेब दोन्ही हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवले गेले. ब्लॉकचेन ही पद्धत तिथून प्रसिद्ध झाली.

आमचा दिवस नोंदवह्यांत जातो, म्हणून यातली एक गोष्ट आम्हाला लगेच पटली. हिशेबाच्या वहीत पान भरले की बेरीज मारून पुढच्या पानावर 'मागील पानावरून' असे लिहितो. मागच्या पानावर कोणी खाडाखोड केली तर पुढची प्रत्येक बेरीज बिघडते आणि चोरी सापडते. ब्लॉकचेनचे तेच आहे. नोंदींचे एक पान म्हणजे एक ब्लॉक. प्रत्येक पानावर मागच्या पानाचा 'ठसा' असतो. तो ठसा गणिताने काढतात. मजकूर कितीही मोठा असला तरी ठसा ठरावीक लांबीचा येतो. नेहमीच्या एका रीतीत तो ६४ अक्षरे-आकड्यांचा असतो. जन्मसालातला एक आकडा बदला, सगळा ठसा बदलतो. ठशावरून मात्र मूळ मजकूर उलट काढता येत नाही.

म्हणजे मिटवता येत नाही, हे मुलाचे म्हणणे बऱ्याच अंशी बरोबर आहे. यात आपला फायदाही आहे. खोटे दाखले काढून राखीव जागा बळकावणारे लोक आपल्याच लेकरांच्या ताटातला घास पळवतात. त्यांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने जात प्रमाणपत्र आणि पडताळणीचा कायदा केला, तो २००१ पासून अंमलात आहे. त्यात शिक्षेचीही तरतूद आहे. बनावट शिक्का मारलेला कागद जाळे चटकन ओळखत असेल तर त्याचे स्वागतच केले पाहिजे.

पण बंधूंनो, इथेच थांबून चालणार नाही. नावात बरोबरी आहे म्हणून व्यवहारात बरोबरी येते, असा आपला अनुभव नाही.

ठराव आणि तळे

महाडचे उदाहरण घ्या. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनेही आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. नोंद पक्की होती. तरीही ओंजळभर पाणी घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह चवदार तळ्यावर जावे लागले, आणि परत येताना आपल्या लोकांनी डोकी फोडून घेतली. त्यावरचा खटला उच्च न्यायालयात सुटायला १९३७ साल उजाडले.

तळे सार्वजनिक होते आणि ठरावही झाला होता. काठावर उभे राहून 'तू ये, तू येऊ नको' म्हणणारे हात मात्र तेच राहिले. म्हणून कोणतीही नवी नोंदवही आली की बाबासाहेबांच्या लेकरांनी तीन प्रश्न विचारावेत. यात लिहिणार कोण? वाचणार कोण? आणि चूक दुरुस्त करणार कोण?

लिहिणार कोण?

जाळ्यात दोन प्रकार असतात. एक खुले जाळे. त्यात ठरलेली फी भरून कोणीही नोंद टाकू शकतो आणि कोणीही पाहू शकतो. बिटकॉइन, पॉलिगॉन या प्रकारातले. दुसरे बंदिस्त जाळे. त्यात ज्याला सभासद करून घेतले त्यालाच आत येता येते. उदाहरणार्थ तहसील, महाविद्यालय, पडताळणी समिती. सभासदांतही कोणी फक्त वाचायचे, कोणी लिहायचे, हे ठरवून देता येते.

खुल्या जाळ्यात कोणीही लिहू शकतो, तर मग दाखला कार्यालयानेच दिला हे कसे कळते? त्यासाठी किल्ल्यांची जोडी असते. एक गुप्त किल्ली, ती फक्त अधिकाऱ्याकडे. तिने तो दाखल्यावर संगणकी सही करतो. दुसरी उघड किल्ली, ती साऱ्या जगाला ठाऊक. तिने कोणीही ती सही तपासू शकतो, पण तिने सही करता येत नाही.

म्हणजे वह्या हजार झाल्या तरी सहीची किल्ली एकाच टेबलावर राहिली. टेबलाशी बसणाऱ्याने खऱ्या माणसाचा अर्ज अडवला, तर जाळे त्याला काही म्हणणार नाही. त्याने पैसे खाऊन खोट्या माणसाला दाखला दिला, तर जाळे तो खोटा दाखला 'खरा' म्हणून सांगत राहील. कागद जारी झाल्यानंतर त्यात बदल झाला की नाही, एवढेच यंत्र सांगते. जारी करताना सत्य लिहिले होते की नाही, ते यंत्राला कळत नाही. ते पाहण्याचे काम माणसाचे, आणि माणसावर लक्ष ठेवण्याचे काम आपले.

वाचणार कोण?

हा प्रश्न सगळ्यात नाजूक. जात नष्ट व्हावी म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांच्या लेकरांना हक्कासाठी जातीचा दाखला बाळगावा लागतो. शतकांच्या अन्यायाची भरपाई मागताना तो दाखवावा लागतो, त्यात कमीपणा नाही. पण तो कोणाला, कधी आणि कशासाठी दाखवायचा, हे आपण ठरवले पाहिजे. महाविद्यालयाच्या प्रवेशाला दाखवू. शहरात भाड्याची खोली शोधताना घरमालकाने तो पाहण्याचे कारण नाही. खासगी कंपनीतल्या शेजारच्या टेबलावरच्या माणसानेही नाही.

आता विचार करा. ज्या वहीतून काही मिटत नाही आणि जी जगभर उघडी आहे, तिच्यात आपल्या मुलीचे नाव आणि जात सरळ अक्षरांत लिहिली तर ती पुसणार कोण?

म्हणून जाणकार सांगतात की मूळ दाखला जाळ्यावर टाकूच नये, फक्त त्याचा ठसा टाकावा. मूळ कागद तुमच्याकडे आणि कार्यालयाकडे. तुम्ही स्वतः तो दाखवला की समोरचा त्याचा ठसा काढून जाळ्यातल्या ठशाशी ताडून पाहील. तुम्ही दाखवलाच नाही, तर त्याच्या हाती ६४ अक्षरांचे कोडे राहील.

यातही एक खाच आहे. एखाद्याला तुमचे नाव, जन्मतारीख, गाव ठाऊक असेल, तर तो एकेक जात घालून ठसे काढील आणि कोणता जुळतो ते पाहील. हे टाळण्यासाठी ठसा काढण्याआधी मजकुरात एक लांबलचक, कोणालाही न सुचणारी अक्षरांची चिमूट मिसळतात. गंमत अशी की संगणकवालेही तिला 'सॉल्ट', म्हणजे मीठच म्हणतात. भाजी तीच असली तरी मीठ ठाऊक नसलेल्याला चव जुळवता येत नाही. आपल्या जिल्ह्यात अशी योजना आली तर ठशात मीठ घातले आहे काय, हे विचारायला लाजू नका.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला. त्यात माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि काही बाबतीत पुसून घेण्याचा हक्क मांडला आहे. पुसण्याचा हक्क एकीकडे आणि न पुसणारी वही दुसरीकडे. दोन्ही एकत्र नांदायची असतील तर माणसाची माहिती वहीबाहेर आणि फक्त ठसा वहीत, हाच मार्ग दिसतो.

दुरुस्त करणार कोण?

आपल्या समाजात कागदांचा घोळ कसा होतो ते तुम्ही जाणता. १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा झाली. आजोबांच्या शाळेच्या नोंदीत महार, वडिलांच्या दाखल्यावर बौद्ध आणि नातवाच्या दाखल्यावर आडनावाचे स्पेलिंगच वेगळे. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश व्हायला १९९० साल लागले. हा इतिहास माणसाला सांगता येतो, समजावता येतो. यंत्राला मात्र दोन शब्द वेगळे दिसले की ते 'जुळत नाही' एवढेच म्हणते.

आम्ही वाणिज्य शाखेत शिकलो, तेव्हा गुरुजी सांगत की वहीत खोडरबर चालत नाही. चूक झाली तर ती तशीच ठेवायची आणि खाली दुरुस्तीची नवी नोंद करायची, तारीख घालून, सही करून. ब्लॉकचेनमध्येही नेमके तसेच करावे लागते. जुनी चूक जात नाही, 'तो दाखला रद्द, हा नवा ग्राह्य' अशी नवी नोंद पडते. म्हणून रद्द दाखल्यांची यादी नीट चालवणे हे या व्यवस्थेचे अर्धे काम आहे.

इथे वेळेचा प्रश्न येतो. नवी नोंद झाली की ती जाळ्यातल्या प्रत्येक संगणकापर्यंत पोहोचली पाहिजे. बिटकॉइनमध्ये नवे पान साधारण १० मिनिटांनी जोडले जाते, काही जाळ्यांत काही सेकंदांतच. तोवर एका ठिकाणी जुनी प्रत, दुसऱ्या ठिकाणी नवी, असे होऊ शकते. शहरात हे मिनिटांचे काम. आपल्याकडच्या पोडावर जिथे मोबाईलची रेंज टेकडीवर चढल्याशिवाय येत नाही, तिथे काय? सहीची तपासणी इंटरनेट नसतानाही होऊ शकते, कारण उघड किल्ली आधीच यंत्रात ठेवता येते. पण तो दाखला काल रद्द झाला की दुरुस्त झाला, हे इंटरनेटशिवाय कळत नाही. म्हणून रेंज नव्हती या कारणाने कोणाचा अर्ज फेटाळला जाऊ नये, हा नियम आधी लेखी झाला पाहिजे. नाहीतर कोलाम बांधवांना आणि आपल्या शेतमजुरांना जुन्या चकरांत आणखी एका चकरीची भर पडेल.

तोवर आपण काय करावे?

त्या माउलीला आम्ही आता असे सांगू.

कागद सांभाळायचे काम संपलेले नाही, ताई. उलट बचत गटाची रीत घरच्या कागदांना लावा. सासऱ्यांच्या उताऱ्याची नवी नक्कल संबंधित शाळेतून साक्षांकित करून घ्या. एक प्रत घरी, एक माहेरी, एक विश्वासाच्या नातलगाकडे ठेवा. स्वच्छ फोटो काढून तो केंद्र सरकारच्या डिजिलॉकरमध्ये मुलाच्या नावाने चढवा. पण लक्षात घ्या, डिजिलॉकरला तुम्ही चढवलेला फोटो वेगळा आणि कार्यालयाने स्वतः तिथे दिलेला दाखला वेगळा. मान असतो तो दुसऱ्याला. पहिला फक्त हरवण्यापासून वाचवतो.

जात पडताळणीचा अर्ज निकालाची वाट पाहत ठेवू नका. बारावी चालू असतानाच महाविद्यालयामार्फत तो करा. प्रवेशाच्या तोंडावर धावपळ झाली की जागा हातची जाते, ही गोष्ट आम्ही दरवर्षी पाहतो.

झेरॉक्स देताना तिच्यावर आडवे लिहा, 'फक्त प्रवेशासाठी', आणि तारीख घाला. ऑनलाईन केंद्रावर अर्ज भरला की आपले कागद त्या संगणकावरून आपल्यासमोर काढून टाकायला सांगा. मोबाईलवर आलेला ओटीपी म्हणजे घराची किल्ली. तो पडद्यावर आपल्या हाताने टाका, मोठ्याने वाचून दाखवू नका.

आणि एक चूक आपले शिकलेले तरुणच करतात. शिष्यवृत्तीची माहिती देणाऱ्या व्हॉट्सॲप गटात कोणी म्हणते, "कागद टाका, बघून सांगतो." लगेच जातीचा दाखला, आधार, बँकेचे पासबुक, सगळे गटावर. गटात दोनशे माणसे. तोही एक प्रकारचा पसारा आहे, दोनशे हातांत दोनशे प्रती. तुम्ही आपल्याकडून पुसले तरी ज्यांनी उतरवून घेतले त्यांच्याकडे राहतेच. गटाच्या ॲडमिनने असे कागद दिसताच काढून टाकावेत आणि त्या भावाला वेगळे भेटून मदत करावी.

विहाराच्या समितीलाही आमची एक विनंती आहे. सुट्टीत एक दिवस ठेवा. शिकलेल्या मुला-मुलींनी दोन मोबाईल घेऊन बसावे आणि वस्तीतल्या प्रत्येक घराचे कागद पाहावेत. कोणाच्या नावात चूक, कोणाची पडताळणी राहिली, कोणाचा उतारा फाटला, याची यादी करावी. ती यादी मात्र समितीच्या एकाच विश्वासू भगिनीकडे राहू द्या. सगळेच सगळ्यांना दाखवायचे नसते.

एटापल्लीचा प्रयोग उद्या आपल्या जिल्ह्यात आला तर आपण त्याला पाठ फिरवू नये. यंत्र आपले वैरी नाही. छापखाना आला तेव्हा बाबासाहेबांनी त्याच यंत्रावर 'मूकनायक' काढला. पण ज्या दिवशी ग्रामसभेत त्या योजनेची माहिती सांगितली जाईल, त्या दिवशी मागच्या रांगेतून कोणीतरी उभे राहून विचारले पाहिजे : लिहिणार कोण, वाचणार कोण, दुरुस्त करणार कोण?

आमची इच्छा अशी आहे की उभी राहणारी व्यक्ती ती कापूस वेचणारी माउलीच असावी. सासऱ्यांचा झिजलेला उतारा तिने इतकी वर्षे पन्नीत गुंडाळून सांभाळला आहे. नोंदीची किंमत तिच्याहून जास्त कोणाला ठाऊक असणार?

जयभीम! नमो बुद्धाय!